जुत्सू बघायचं कसं: ‘नारुतो’ नव्यानं बघणाऱ्यांसाठी

‘नारुतो’ ही निन्जांची जपानी कार्टून मालिका पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाशेजारी बसलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘हा बोटांचं काय करतोय?’ आणि दुसरा, लढाई संपत आली की, जरा चिडून, ‘एवढं सगळं येत होतं, तर आधीच का नाही केलं?’ माझ्या भाचीनं हे दोन्ही प्रश्न एकाच संध्याकाळी विचारले. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्याचं उत्तर कळलं की मग ही मालिका खरी बघता येते, म्हणून हा लेख मुख्यतः त्यासाठी.

आधी जुजबी माहिती. मासाशी किशिमोतो यांची मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं जपानी साप्ताहिकात चालली, एकूण ७०० प्रकरणं. त्यावरची ॲनिमे मालिका २००२ साली सुरू झाली. पहिला भाग ‘नारुतो’, २२० एपिसोड. नायक मोठा झाल्यानंतरचा दुसरा भाग ‘शिप्पुदेन’, ५०० एपिसोड. आकडे बघून घाबरू नका. पहिल्या मालिकेतला १३५व्या एपिसोडनंतरचा बहुतेक मजकूर मूळ कथेत नाही, मांगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढायला घातलेला आहे. तो सोडला तरी काही अडत नाही.

पुढे जाण्याआधी एक सूचना. जुत्सूंबद्दल, म्हणजे निन्जांच्या तंत्रांबद्दल, लिहायचं म्हणजे काही लढायांचे निकाल सांगावेच लागतात. पहिल्या मालिकेतले मी बिनधास्त सांगणार आहे, शिप्पुदेनबद्दल मात्र हात आखडता घेईन.

पहिली पायरी: चक्र म्हणजे इंधन

इथे आपल्याकडचा माणूस सगळ्यात आधी फसतो. शब्द संस्कृत, ओळखीचा. योगातली शरीरातली केंद्रं आठवतात आणि आपण तोच अर्थ धरून बसतो. मालिकेत चक्र म्हणजे केंद्र नव्हे. शरीराची ताकद आणि मनाची ताकद एकत्र मळून तयार होणारी ऊर्जा, म्हणजे सरळ भाषेत इंधन. ते अंगात नसांसारख्या वाटांनी फिरतं. प्रत्येकाची टाकी वेगळी, आणि टाकीतलं इंधन वाया न घालवता वापरण्याचं कसबही वेगळं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. नारुतोची टाकी प्रचंड मोठी आहे, पण नळ नीट बंद होत नाही. त्याच्या गटातल्या साकुराची टाकी बेताची, पण तिच्या हातून थेंब सांडत नाही. पायांत चक्र आणून झाडावर उभं चालायचा सराव त्यांचा गुरू काकाशी गटातल्या तिघांना देतो, तेव्हा पहिल्याच झटक्यात शेंड्याजवळ जाऊन बसते ती साकुरा. दोघं मुलगे खाली आपटत राहतात. नव्या प्रेक्षकाला हा विनोदी प्रसंग वाटतो, पण पुढची निम्मी मालिका या झाडापाशी सांगून झालेली असते.

दुसरी पायरी: हात

आता बोटांचं उत्तर. जुत्सू करण्याआधी निन्जा हातांनी ज्या खुणा करतात त्या मूळ बारा आहेत आणि त्यांची नावं पूर्वेकडच्या राशिचक्रातल्या प्राण्यांची: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, पक्षी, कुत्रा, रानडुक्कर. त्या ठरलेल्या क्रमानं केल्या की अंगातलं चक्र त्या जुत्सूला हवं तसं वळतं. कुलुपाचा आकड्यांचा क्रम समजा.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. जपानमधल्या गूढ बौद्ध पंथांत हस्तमुद्रा आहेत, त्या तिथे भारतातून चीनमार्गे पोहोचल्या. निन्जांच्या गोष्टींमध्ये बोटं गुंफून मंत्र म्हणणारा माणूस दिसतो तो या परंपरेतून. त्यामुळे भाचीला मी ‘हँड साइन’ वगैरे काही न सांगता सरळ ‘मुद्रा’ म्हटलं आणि तिला लगेच कळलं. भरतनाट्यमच्या क्लासला जाते ना.

सराव म्हणून गटातल्या तिसऱ्याचा, सासुकेचा आगीचा गोळा घ्या, गोकाक्यू. क्रम असा: साप, मेंढा, माकड, रानडुक्कर, घोडा, वाघ. एपिसोड थांबवून थांबवून बघा. शेवटची वाघाची मुद्रा लक्षात ठेवलीत की पुढे कुणीही त्या मुद्रेवर थांबला तर ‘आता आग येणार’ असा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो. शेजारच्यावर छाप पाडायला हे पुरेसं आहे.

मुद्रांमध्ये खर्च वेळेचा असतो. सुरुवातीचा शत्रू झाबुझा, त्याचं पाण्याच्या ड्रॅगनचं जुत्सू ४४ मुद्रांचं आहे. चव्वेचाळीस! समोर सुरी घेतलेला माणूस उभा असताना एवढा वेळ कोण देतो? म्हणून त्या लढाईत काकाशी तेच ४४ त्याच्याबरोबरच, त्याच वेगानं करून दाखवतो तेव्हा झाबुझाचा धीर सुटतो. आणि म्हणूनच झाबुझाचा साथीदार हाकु एका हातानं मुद्रा करतो तेव्हा बघणारे चकित होतात. काही तंत्रांना मुद्राच लागत नाहीत. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध पुढे येईलच.

तिसरी पायरी: नाव फोडून वाचा

जपानी नावं ऐकून दचकू नका, ती आगगाडीच्या डब्यांसारखी जोडलेली असतात. शेवटी ‘जुत्सू’ म्हणजे तंत्र किंवा विद्या. सुरुवातीला ‘तोन’ आलं तर त्याआधी पंचतत्त्वांपैकी एक असतं: कातोन आग, सुइतोन पाणी, दोतोन माती, रायतोन वीज, फूतोन वारा. (‘तोन’चा मूळ अर्थ पळून जाणं, निसटणं. जुन्या निन्जाविद्येत कातोन म्हणजे आग लावून गोंधळात निसटायची युक्ती. तोंडातून ज्वाळा काढणं हे कथाकारांचं.) आपली पंचमहाभूतं इथे तंतोतंत बसवायला जाऊ नका. आकाश नाही, त्याच्या जागी वीज आहे.

कोण कुणाला भारी, याचं एक चक्र आहे आणि ते पाठ करावं लागत नाही, डोळ्यांसमोर आणलं की झालं. आग वाऱ्याला खाऊन वाढते. वारा विजेला कापतो. वीज मातीला फोडते. माती पाण्याला अडवते. पाणी आगीला विझवतं. नारुतो वाऱ्याचा, सासुके आगीचा आणि विजेचा. म्हणजे सासुकेच्या एका हत्यारावर नारुतो भारी आणि दुसऱ्यापुढे नारुतो म्हणजे आयता पंखा. लेखकानं हे मुद्दाम केलंय हे उघड आहे.

कुणाचं तत्त्व कोणतं हे बघायला शिप्पुदेनमध्ये एक खास कागद वापरतात. त्यात चक्र सोडलं की आगवाल्याचा जळतो, वारावाल्याचा चिरतो, वीजवाल्याचा चुरगळतो, मातीवाल्याचा भुगा होतो, पाणीवाल्याचा ओला होतो. मालिकेतली मला सगळ्यात आवडणारी बारीकशी कल्पना ही आहे. एका कागदात पाच स्वभाव.

यापलीकडे तीन ढोबळ जाती लक्षात ठेवा: निन्जुत्सू (चक्र वापरून केलेलं काहीही), तायजुत्सू (हातापायांची मारामारी), गेन्जुत्सू (समोरच्याच्या मेंदूला फसवणं). एवढं पुरे. आता माणसांकडे.

चौथी पायरी: रॉक लीपासून सुरुवात करा

नायकापासून करू नका. लीपासून करा. कारण त्याला निन्जुत्सूही येत नाही आणि गेन्जुत्सूही. जादू वजा केल्यावर निन्जामध्ये काय उरतं ते त्याच्यात दिसतं, आणि ‘आधीच का नाही केलं’ या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर त्याच्याच लढाईत आहे.

एपिसोड ४८ ते ५०, निन्जांच्या बढतीच्या परीक्षेतली लढत. समोर वाळूचा गारा. गाराच्या पाठीवरच्या भोपळ्यातली वाळू त्याच्या इच्छेचीही वाट न बघता आपणहून त्याचं रक्षण करते. ली लाथा मारतो, वाळू मध्ये येते. पुन्हा मारतो, पुन्हा येते. मग तो उडी मारून मुद्रेतल्या हातांच्या त्या भल्यामोठ्या दगडी शिल्पावर चढतो आणि त्याचे गुरू गाइ गॅलरीतून ओरडतात: काढ! ली पायांवरची पट्टी खाली करतो. आत वजनं बांधलेली. वरच्या गॅलरीतल्या एकीच्या चेहऱ्यावर भाव असा, की दोन-चार किलोनं काय फरक पडणार. ली वजनं सोडतो. ती खाली पडतात आणि जमीन फुटते, धुळीचा लोट माणसाच्या डोक्यावरून वर जातो. पुढच्या क्षणी ली दिसेनासा होतो आणि वाळूला पहिल्यांदाच उशीर होतो.

हे दृश्य बघताना आवाज जरा वाढवा. त्या धुळीआधी एक क्षणभर काहीच नसतं.

मग आधीच का नाही काढली? कारण गुरूनं सांगितलं होतं, जिवलगांना वाचवायची वेळ आली तरच. ली त्या अटीत राहून आधी हरत होता. आणि त्याच्यापुढचा टप्पा आहे ‘ओमोते रेंगे’, कमळ: प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवायचं, हाताच्या पट्ट्यांनी गुंडाळायचं आणि गरगर फिरवत डोक्यावर आपटायचं. त्यासाठी शरीरातलं पहिलं दार उघडावं लागतं. अशी एकूण आठ दारं आहेत. ती असतात आपल्याच भल्यासाठी; माणसानं स्वतःच्या ताकदीनं स्वतःला फाडू नये म्हणून शरीरानं लावलेल्या कड्याच त्या. ली त्या लढाईत पाचवं उघडतो. त्वचा लालबुंद, स्नायू तुटताहेत, आणि तरी निकाल त्याच्या बाजूनं लागत नाही. गारा शेवटच्या क्षणी आपला भोपळाच वाळू करून खाली गादी अंथरतो. लीचा एक हात आणि एक पाय वाळूनं चिरडला जातो. आठवं दार उघडलं तर मृत्यू, हे तेव्हाच सांगून ठेवलेलं आहे. ते कोण आणि कधी उघडतं ते शिप्पुदेनमध्ये जाऊन बघा, मी नाही सांगणार.

तर सवय ही लावायची: जुत्सू दिसलं की त्याचा खर्च विचारा. वेळ, चक्र, शरीर, गुपित, यांपैकी काहीतरी खर्च झालेलंच असतं. जो उशिरा वापरतो, त्याला बहुतेक वेळा खर्च माहीत असतो.

पाचवी पायरी: नारुतोची दोन हत्यारं

पहिलं, कागे बुनशिन, सावलीची प्रतिरूपं. साधं बुनशिन हे शाळेतलं जुत्सू, नुसता भास. त्याच परीक्षेत नारुतो नापास झालेला. मग पहिल्याच एपिसोडमध्ये तो चोरलेल्या गुंडाळीतून त्याच्यापेक्षा कितीतरी अवघड, बंदी घातलेलं कागे बुनशिन शिकतो, आणि ज्या विषयात दांडी उडाली तोच विषय आयुष्यभराची ओळख होतो.

बंदी का? कारण यात प्रत्येक प्रतिरूप खरं असतं आणि तुमचं चक्र सगळ्यांत समसमान वाटलं जातं. साध्या माणसानं पन्नास काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर येईल आणि मूळ माणूस मरायला टेकेल. नारुतोची टाकी मोठी म्हणून त्याला परवडतं. समान वाटणीचा फायदाही आहे: चक्र बघू शकणाऱ्या डोळ्यांनाही खरा कोण ते कळत नाही. एक जोरदार फटका बसला की प्रतिरूप धूर होऊन जातं. आणि जाताना त्याला जे कळलं ते मूळ माणसाकडे परत येतं. ही शेवटची बाब खूप उशिरा, शिप्पुदेनमध्ये उघड होते आणि तोवर लोकांनी शेकडो प्रतिरूपं फुटताना बघितलेली असतात. थकवाही परत येतो बरं का. शंभर जणांचा अभ्यास एकदम, तशी शंभर जणांची दमणूकही एकदम.

दुसरं, रासेनगान. तळहातावर फिरणारा निळा गोळा. ‘रासेन’ म्हणजे सर्पिल, ‘गान’ म्हणजे गोळी. मुद्रा लागत नाहीत ते हेच. चौथा होकागे, म्हणजे गावाचा प्रमुख, मिनातो यानं ते तीन वर्षं खपून तयार केलं. नारुतोला ते शिकवतो त्याचा गुरू जिराया, तीन टप्प्यांत, आणि हे टप्पे म्हणजे मालिकेतला सगळ्यात चांगला शिकवणीचा भाग.

पहिल्या टप्प्यात पाण्यानं भरलेला फुगा. हातात धरून, बोटं न दाबता, आतलं पाणी चक्रानं घुसळून फोडायचा. नारुतोचं पाणी एकाच दिशेला फिरतं, फुगा नुसता चपटा होतो. मग एक मांजर फुग्याला इकडून तिकडून पंजे मारताना दिसतं आणि त्याची ट्यूब पेटते: एका दिशेनं नाही, अनेक दिशांनी एकदम. दुसऱ्या टप्प्यात पाण्याऐवजी रबरी चेंडू, आत हवा. आता वळण येतं पण जोर कमी पडतो. जिराया त्याच्या तळहातावर खूण काढून देतो, लक्ष एका जागी ठेवायला. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा फुगा, आणि या वेळी अट उलटी: आत तेच वादळ, पूर्ण जोरानं, पण फुगा फुटता कामा नये.

फोडायला शिक, मग न फोडायला शिक. पहिले दोन टप्पे ताकदीचे, तिसरा सांभाळण्याचा, आणि नारुतो अडतो तो अर्थात तिसऱ्यावर. कारण नळ बंद होत नाही, आठवतंय ना? एका हातात त्याला ते जमतच नाही. शेवटी तो आपलं पहिलं हत्यार दुसऱ्याच्या मदतीला आणतो: एक प्रतिरूप काढतो आणि ते त्याच्या तळहाताभोवती हात फिरवून गोळ्याला आकार देतं. कमकुवत जागा भरून काढायला त्याच्याकडे जे होतं ते. काबुतोविरुद्धच्या लढाईत हे पहिल्यांदा वापरतो तेव्हा काबुतोची सुरी त्याच्या तळहातातून आरपार गेलेली असते, आणि तो तीच मूठ घट्ट धरून ठेवतो, समोरच्याला हलता येऊ नये म्हणून. रासेनगानचा मोठा दोष हाच की ते हाताच्या अंतरावरूनच लागतं. तो दोष नारुतो आपल्या हाताला भोक पाडून घेऊन भागवतो.

खाजगी कबुली: रंगपंचमीचा उरलेला फुगा घेऊन मी हा पहिला टप्पा गच्चीवर करून बघितला आहे. वय सांगत नाही. फुगा फुटला, पण नखानं.

शिप्पुदेनमध्ये नारुतो यात वारा मिसळतो आणि रासेनशुरिकेन तयार होतं. मिनातोला रासेनगानमध्ये तत्त्व मिसळायचं होतं, ते त्याच्याकडून राहिलं होतं. खर्च इथे पुन्हा शरीराचा: सुरुवातीच्या रूपात ते शत्रूच्या पेशी चिरतं तसं वापरणाऱ्याचा हातही चिरतं, म्हणून तेव्हाची होकागे त्सुनादे त्यावर बंदी घालते. तो दोष कसा सुटतो हे बघण्यासाठी पेन नावाच्या शत्रूच्या हल्ल्यापर्यंत थांबा.

सहावी पायरी: चिदोरी, आणि दोन टाक्या

चिदोरी म्हणजे ‘हजार पक्षी’. हातात विजेचा झोत एकवटला की हजार पक्ष्यांच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो, म्हणून. काकाशीनं याच तंत्रानं आकाशातली वीज कापली असं सांगतात, म्हणून त्याच्या तंत्राला रायकिरी, वीज कापणारी, असंही नाव आहे. मूळ कथा अशी की काकाशीला रासेनगानमध्ये वीज मिसळायची होती, जमलं नाही, आणि त्या फसलेल्या प्रयत्नातून हे निघालं. म्हणजे चिदोरी ही रासेनगानची बहीणच, त्याच घरातली.

खर्च काय? धावत सरळ रेषेत जावं लागतं, आणि वेग इतका की समोरचा पलटवार करायला लागला तर धावणाऱ्याला तो दिसत नाही. नजर बोगद्यासारखी होते. म्हणून शारिंगान, म्हणजे वेगवान हालचालही टिपणारी खास दृष्टी, असलेल्या डोळ्यांशिवाय हे आत्महत्येसारखं आहे. काकाशीकडे एक तसा डोळा आहे, सासुकेकडे दोन. दिवसातून किती वेळा, यालाही मर्यादा: सुरुवातीला सासुकेला दोन. तिसऱ्यांदा करायला जातो तेव्हा त्याची किंमत वेगळीच असते.

आता रुग्णालयाच्या गच्चीवरचा प्रसंग. नारुतो आणि सासुके एकमेकांवर धावतात, एकाच्या हातात रासेनगान, दुसऱ्याच्या हातात चिदोरी. काकाशी मध्ये पडून दोघांना दोन पाण्याच्या टाक्यांवर फेकतो. सासुकेच्या टाकीला मोठं भगदाड, पाण्याचा लोंढा बाहेर. नारुतोच्या टाकीला पुढून जेमतेम एक छोटी खळी, चिळकांडी उडते तेवढीच. सासुके मनातल्या मनात हसतो. मग तो खाली उतरतो, त्या टाकीच्या मागे जातो आणि थांबतो. मागची बाजू उरलेलीच नसते.

एक शब्दही न बोलता दोन तंत्रांतला फरक सांगितला: एक भोसकतं, दुसरं आतून दळतं. आणि सासुके गाव का सोडतो त्याच्या कारणांत ही टाकी आहे असं माझं ठाम मत आहे.

सातवी पायरी: शिकामारू, म्हणजे हिशेबाचं जुत्सू

शिकामारूची सावली लांब होऊन समोरच्याच्या सावलीला चिकटली की तो हलेल तसं समोरच्याला हलावं लागतं. एवढंच. या जुत्सूनं थेट कुणाला इजाही होत नाही. पण तेमारीविरुद्धची लढत बघताना मी दर वेळी सावरून बसतो. सावली ताणायला मर्यादा आहे हे तेमारी लगेच ओळखते आणि जमिनीवर तेवढ्या अंतरावर रेघ मारून तिच्या मागे उभी राहते. शिकामारू मग डोळे मिटून, बोटांची टोकं जुळवून बसतो. सूर्य कलतोय, भिंतीची सावली वाढतेय, म्हणजे त्याची मर्यादाही वाढतेय. अंगरख्याचं पॅराशूट करून तो हवेत आणखी एक सावली तयार करतो. तेमारी वर बघते आणि मागे सरकत राहते, थेट आधीच्या लढतीत नारुतोनं खणलेल्या भुयाराच्या तोंडापाशी. सावली भुयारातून मागून येते. पकडली.

आणि मग तो हात वर करून म्हणतो, मी हरलो. चक्र संपत आलंय, पुढचा हिशेब जमत नाही. स्टेडियम गप्प. त्या परीक्षेतून बढती मिळते ती या एकट्यालाच. इथे जुत्सू नाही तर जुत्सूचा जमाखर्च जिंकतो.

बाकीचे थोडक्यात

नेजी: ह्यूगा घराण्याचे पांढरे डोळे जवळजवळ चहूबाजूंनी बघतात आणि अंगातले चक्राचे बिंदू दिसतात, बोटांनी ते बिंदू बंद करायचे. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असा वेग दुपटीनं वाढत जातो. घराण्याच्या मुख्य शाखेपुरती राखलेली ही विद्या धाकट्या शाखेतल्या नेजीनं नुसती बघून शिकलेली आहे, त्यामुळे तो ‘नशीब बदलत नाही’ म्हणतो तेव्हा त्याचे हात त्याचंच म्हणणं खोडत असतात. त्या डोळ्यांना मानेमागे एक छोटा अंधारा कोपरा आहे, तोही विसरू नका.

चोजी: तीन गोळ्या, हिरवी, पिवळी, लाल. प्रत्येकीनं ताकद वाढते आणि शरीर जळतं. खर्च समजावून सांगायला यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

कुचियोसे, म्हणजे प्राण्याला बोलावणं: अंगठा चावून रक्त, मग रानडुक्कर, कुत्रा, पक्षी, माकड, मेंढा. जिरायाचे बेडूक, त्सुनादेची गोगलगाय, ओरोचिमारूचा साप. जपानमध्ये जुना खेळ आहे: साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगायीला, गोगलगाय सापाला भारी, म्हणजे तिघंही अडकलेले. ही तीन नावं एकोणिसाव्या शतकातल्या एका जपानी लोकप्रिय कथामालेतून आलेली आहेत, तिथेही हीच जनावरं.

सासुकेचा मोठा भाऊ इटाची, त्याच्या डोळ्यांबद्दल इतकंच: अमातेरासु, त्सुकुयोमी, सुसानो ही तिन्ही नावं शिंतो परंपरेतल्या भावंडांची. पुराणात इझानागी देव तोंड धुतो तेव्हा दोन डोळ्यांतून पहिली दोन आणि नाकातून तिसरा जन्मतो. डोळ्यांच्या जुत्सूंना ही नावं का, ते आता वेगळं सांगायला नको. खर्च: नजर. वापराल तेवढं अंधारत जाणार.

मग बघायचं कसं

पहिले १९ एपिसोड सलग बघा, झाबुझा आणि हाकुची गोष्ट संपेपर्यंत. घाई करू नका, मुद्रा आणि चक्राची बाराखडी इथेच होते. मग परीक्षेचा भाग, त्यात लीची लढत दोनदा: एकदा नुसती, एकदा थांबवत. त्सुनादेला शोधायला जाण्याचा भाग आला की रासेनगानचे तीन टप्पे. त्यानंतर गच्ची, आणि मग १३५पर्यंत.

आवाज जपानी ठेवून खाली अक्षरं वाचलीत तर कातोन-सुइतोन कानावर पडतं आणि तिसरी पायरी उपयोगी येते. हिंदी डबमध्ये नावं बरीच वेगळी ऐकू येतात, पण लहान मुलांबरोबर बघायचं असेल तर तेच बरं. खालची अक्षरं वाचेपर्यंत त्यांची लढाई संपलेली असते. मुलं हात मागे टाकून, वाकून पळायला लागतील, ते पळणं ओळखीचं होईल. फक्त पायांना वजनं बांधून उड्या मारायला देऊ नका. आमच्या वाड्यात एकानं वाळू भरलेले मोजे बांधून जिन्यावरून उडी मारली होती. घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता.

भाचीचा दुसरा प्रश्न आता बदलला आहे. परवा गाइ सरांची एक लढत लावली होती. त्यांनी मूठ वळली, तशी तिनं रिमोट ओढून घेतला, थांबवलं आणि विचारलं, ‘मामा, याचे किती लागणार?’